बोटीवरचा पेला आणि मोहाची बाटली

यंदा उन्हाळी परीक्षेचा शेवटचा पेपर झाला, त्याच संध्याकाळी आम्हां चौघी मैत्रिणींपुढे एक प्रश्न येऊन उभा राहिला. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर जायचे की नाही? आमच्यापैकी एकीची मामेबहीण पुण्याला चांगल्या नोकरीवर आहे. ती आपल्या दोन मैत्रिणींबरोबर जाणार होती. "तुम्हीही चला, निम्मा खर्च माझा," असे तिने कळवले होते. दोन रात्री समुद्रावर, मधला एक दिवस गोव्याच्या किनाऱ्यावर फिरणे, आणि परत मुंबई. उरलेल्या निम्म्या खर्चाचे पैसे माझ्याजवळ होते. वर्षभर चार मुलांच्या शिकवण्या घेऊन मी ते साठवले होते. तेव्हा 'पैसे नाहीत' हे आमच्या घरातले नेहमीचे, खरे आणि सोयीचे उत्तर या वेळी मला देता येत नव्हते.

घरी आईला विचारले. आई पाच घरी पोळ्या करते. सहावे घर आमचे.

"जा ना बाई," ती म्हणाली. "मी त समुद्र अजून पाह्यला नाही. तू तरी पाहून ये. पण त्या जहाजावर दारू भेटते म्हणतात ना?"

"वाइन असते, आई. घेतलीच पाहिजे असं काही नाही."

"वाइन म्हणजे काय असते?"

"द्राक्षाची असते."

आईचे कणीक मळणे थांबले नाही. "मंग मोहाची असली का दारू, अन् द्राक्षाची असली का वाइन. असं आहे होय?"

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. दोन वर्षे समाजशास्त्र शिकते आहे. सामाजिक स्तरीकरणावर मी टिपणे काढली आहेत, त्यावर गुणही मिळवले आहेत. पण चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईच्या या प्रश्नाला मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. ते शोधावे म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे.

आधी एक कबुली. मी गेले नाही. तत्त्वासाठी गेले नाही असे लिहिले तर वाचायला बरे वाटेल, पण ते खरे नाही. मला भीती वाटली. तिथे काय घालायचे, काट्याचमच्याने कसे खायचे, कोणी पेला पुढे केला तर 'नको' म्हणताना आवाज कसा ठेवायचा, हे मला ठाऊक नव्हते. 'शिकवणीच्या मुलांची परीक्षा आहे' असे सांगून मी सुटका करून घेतली. तिघी गेल्या. विदर्भ एक्स्प्रेस सुटताना मी फलाटावर हात हालवत उभी होते आणि मनातून अगदी जळत होते.

आठवड्याने त्या परत आल्या. कँटीनमध्ये चहा मागवून मोबाइलवरचे फोटो पाहणे सुरू झाले. पोहण्याचा तलाव, गाण्याचा कार्यक्रम, मावळता सूर्य. एका फोटोत तिघी जणी कठड्याशी उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात उंच दांड्याचा काचेचा पेला होता. आत गडद तांबडे काहीतरी.

"घेतली?" मी विचारले.

"पागल आहेस का? आपलं वय कुठे आहे! द्राक्षाचा रस आहे तो."

"मग असा पेला धरून?"

"फोटोत तसं वाटतं ना!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी जाताना सायकलवर तो फोटो डोळ्यांपुढून हलेना. कायद्याने आमच्या वयाला वाइन वर्ज्य आहे, आणि माझ्या मैत्रिणींनी तो कायदा पाळला. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मला नवल वाटले ते रसाने वाइनचा वेष घेतला याचे. साधा रस रस म्हणून मिरवता येत नाही आणि वाइन न पिताही मिरवता येते, असे हे कसे झाले? उसाचा रस मोहाच्या बाटलीत भरून, ती बाटली छातीशी धरून कोणी फोटो काढला आहे काय? काढला तर तो कोणाला दाखवील? आईच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला त्या फोटोत सापडले.

वाइन आणि मोहाची दारू यांत काहीच फरक नाही, असे मी म्हणणार नाही. फरक आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. द्राक्षे चिरडून त्यांचा रस आंबवला की त्यातल्या साखरेचे मद्यार्क बनते. साली ठेवून आंबवली तर तांबडी वाइन, साली काढून नुसता रस आंबवला तर पांढरी. मद्यार्काचे प्रमाण साधारण बारा-तेरा टक्के. मोहाचे तसे नाही. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या विदर्भातल्या जंगलात पहाटे मोहाची फुले गळतात. बाया टोपल्या घेऊन उजाडण्याआधी झाडाखाली जातात, फुले वेचतात, अंगणात वाळवतात. ही फुले भाजून खातात, त्यांचे लाडू करतात, बियांचे तेल काढतात. आणि उरलेली भिजवून, आंबवून, भट्टीवर चढवून तिची वाफ थंड केली की दारू होते. ती वाइनपेक्षा कडक असते. भट्टी घाणेरडी असली तर ती जिवावरही उठते.

पण फरक कडकपणाचा असता तर गोव्याच्या फेणीचे काय? काजूच्या बोंडांच्या रसापासून भट्टी लावूनच ती काढतात, आणि तीही कडकच. तरी २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला आपला वारसा म्हणून जाहीर केले. बोटीवरून उतरलेला प्रवासी फेणीची बाटली आठवण म्हणून घरी आणतो. मेळघाटातून किंवा आलापल्लीहून परतताना कोणी मोहाची बाटली आठवण म्हणून आणत नाही.

द्राक्षाची गोष्ट तर फारच भाग्याची. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फसफसणारी वाइन काढली आणि ती परदेशी पाठवली. २००० साली नाशिकची सुला बाजारात आली. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षांवर प्रक्रिया करणाऱ्या या उद्योगासाठी धोरणच आखले. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून, म्हणजे सुपरमार्केटमधून, वाइन विकू द्यायचे ठरवले. 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य त्या दिवसांत आपण सर्वांनी ऐकले. शेतकऱ्याचे भले होईल असे सांगण्यात आले. विरोध झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही.

त्याच २०२२ साली आणखी एक निर्णय झाला आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मोहाच्या फुलांपासून आणि काजूच्या बोंडांपासून तयार होणाऱ्या मद्याला शासनाने 'विदेशी मद्या'चा दर्जा दिला. हेतू चांगला असेल. पण गंमत पाहा. आमच्या गडचिरोलीच्या जंगलातले फूल, ते वेचणारी गोंड बाई, ते झाड पिढ्यान् पिढ्या राखणारे गाव, हे सगळे देशी. मान मिळवायचा तर मात्र त्या फुलाने विदेशी व्हायला हवे! 'देशी' या शब्दाला आपल्याकडे किती वास येतो हे कोणाला पाहायचे असेल तर त्याने दुसरीकडे कुठे जायची गरज नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, वाइन की दारू हे पेल्यात काय आहे यावर फार थोडे ठरते. ते पेला कोणाच्या हातात आहे आणि तो हात कुठे बसला आहे यावर ठरते. जहाजाच्या कठड्याशी असलेला हात पितो ती 'आवड'. कळमन्याच्या बाजारात दिवसभर पोती वाहून आलेला हात पितो ते 'व्यसन'. पहिल्याला मित्रमंडळी विचारतात, कोणती घेतोस? दुसऱ्याला पोलीस विचारतात.

आता वाचक म्हणतील, ही पोरगी मोहाच्या दारूची वकिली करते आहे. नाही. ती मी कशी करीन? कळमन्याच्या बाजारात पोती वाहणारा तो हात माझ्या बाबांचा आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला माझे पणजोबा माझ्या सहा वर्षांच्या आजोबांना खांद्यावर घेऊन दीक्षाभूमीवर गेले होते. बाबासाहेबांनी त्या दिवशी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याचीही एक आहे. पणजोबांनी ती मरेपर्यंत पाळली. आजोबांनी पाळली. बाबांनी मोडली. का मोडली, हे मी आता थोडेबहुत समजू शकते. पन्नास किलोचे पोते दिवसाला किती वेळा पाठीवर घेतले म्हणजे रात्री झोप लागत नाही, याचा हिशेब कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. पण समजणे वेगळे आणि भोगणे वेगळे. सातवीत असताना माझी शाळेची फी आईने डब्यात ठेवली होती, ती एका रात्रीत गेली. त्या रात्री आई रडली नाही. ती सकाळी उठून पोळ्या लाटायला गेली आणि दोन घरांतून उचल घेऊन आली. बाबा आता पीत नाहीत. पिण्यासारखे शरीर उरले नाही.

माझी मावशी चिमूरजवळच्या खेड्यात असते. २०१० साली चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी व्हावी म्हणून हजारो बाया चिमूरहून पायी नागपूरला हिवाळी अधिवेशनावर आल्या, त्यांत ती होती. मी तेव्हा चार वर्षांची होते. तिच्या पायांचे फोड आई कोमट पाण्याने शेकत होती, एवढेच मला आठवते. पुढे १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूरला बंदी आली आणि २०२१ साली ती उठली. मावशीला विचारले तर ती खोटे बोलत नाही. "बंदी होती तवाही भेटत होती, दुप्पट भावानं," असे ती सांगते. आणि लगेच पुढे म्हणते, "पण घरासमोर दुकान नव्हतं. पोरगं शाळेतून येताना त्याले ते दिसत नव्हतं. तेवढं त झालं."

आपल्या राज्यात बायांना एक विलक्षण मतदान करता येते. गावात किंवा वस्तीत दारूचे दुकान नको असेल तर त्या मतदान मागू शकतात. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. लोकशाहीविषयी मी जे काही वाचले, त्यांत मला हे सर्वांत जास्त आवडले. वाचता न येणाऱ्या बाईलाही ते वाचता येते. आता विचार करा, एकाच महाराष्ट्रात आडवी बाटली मागत मावशी शंभर किलोमीटरच्या आसपास पायी येते, आणि माझ्या मैत्रिणी रसाने भरलेला पेला उभा धरून फोटो काढतात. दोघींना मी ओळखते, दोघींवर माझे प्रेम आहे. मधल्या मध्ये माझी ओढाताण होते ती अशी.

इथपर्यंत वाचून आपल्यापैकी काही वडीलधारी मंडळी मान डोलावतील. तशी एकाने डोलावलीही. क्रूझच्या गप्पा कानावर पडल्यावर, मला ज्यांच्याविषयी आदर आहे अशा एका सद्गृहस्थांनी म्हटले, "तू गेली नाहीस हे फार चांगले केलेस. मुलींनी असल्या फंदात पडू नये." त्या क्षणी मला माझ्या न जाण्याची लाज वाटली. मी कोणाच्या बाजूला जाऊन उभी राहिले होते, ते मला दिसले.

कारण त्याच दिवशी कँटीनमध्ये, फोटो संपल्यावर, तिघींपैकी सर्वांत अबोल मैत्रीण मला जे सांगून गेली ते निराळेच होते. ती म्हणाली, "रात्री दीड वाजता आम्ही वर डेकवर गेलो. आकाश अन् पाणी, बाकी काहीच नाही. आम्ही तासभर तिथे नुसत्या बसलो. कोणी मागून येत नव्हतं, कोणी गाडी हळू करत नव्हतं, घरून 'कुठे आहेस' म्हणून फोन येत नव्हता. मला रडू आलं. समुद्रामुळे नाही ग. एवढ्या रात्री बाहेर बसायला मिळालं म्हणून."

नागपूरच्या मुलींना हे समजावून सांगायला नको. फुटाळ्याच्या काठावर संध्याकाळी सातनंतर बसायचे तर घरी काय सांगायचे याची आम्ही आधी तयारी करतो. रात्री दीड वाजता उघड्या आकाशाखाली निर्भयपणे बसणे ही जर फंदात पडण्याची गोष्ट असेल, तर माझ्या मते प्रत्येक मुलीने या फंदात एकदा तरी पडावे. त्या तासाभरात वाइनचा थेंब नव्हता. जहाजाने विकलेल्या सगळ्या गोष्टींत हीच एक गोष्ट जाहिरातीत नव्हती, आणि तीच खरी मोलाची होती.

आम्हां पहिल्या पिढीच्या मुलामुलींना एक सवय लागलेली असते. मौज दिसली की आम्ही अपराधी होतो. 'आपल्यासाठी नाही ते,' हे आम्ही दुसऱ्याने म्हणण्याच्या आधीच म्हणतो. समुद्र ही चैनीची वस्तू आहे असे आम्हांला वाटते. पण समुद्र कधीपासून चैनीची वस्तू झाला? १९१३ साली बाबासाहेब मुंबईच्या बंदरातून बोटीने निघाले आणि न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९१७ साली ते परतले तेव्हा मागून येणारी त्यांची ग्रंथसंपदा महायुद्धात बोटीबरोबर बुडाली. आपल्या माणसांचे समुद्राशी नाते असे आहे. ते शिकण्याचे आहे, त्यात काही गमावलेलेही आहे. तो समुद्र आम्ही परका का मानावा?

मुंबई-गोवा हा बोटीचा रस्तासुद्धा श्रीमंतांनी काढलेला नाही. कोकणातले चाकरमानी याच रस्त्याने गिरणीत कामाला जात आणि गणपतीला घरी येत. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीला जाई. अनेक ठिकाणी ती धक्क्याला लागत नसे. मचवे बोटीपर्यंत येत आणि माणसे, ट्रंका, कोंबड्या त्यांत उतरत. रेवसला निघालेली 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणात आजही ते नाव दबल्या आवाजात घेतात. रस्ते झाले, पुढे १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि त्या सुमारास आगबोटी इतिहासजमा होऊन गेल्या होत्या. मग २०१८ साली त्याच मार्गावर 'आंग्रिया' नावाची क्रूझ आली आणि काही काळाने थांबली. २०२१ पासून कॉर्डेलियाचे मोठे जहाज मुंबईहून सुटू लागले. पाणी तेच आणि किनाराही तोच, पण पूर्वी गरज म्हणून बोटीत बसणारा माणूस गेला आणि हौस म्हणून बसणारा आला. हौशीला माझा विरोध नाही. मात्र त्या बदलात काय सुटले, तेही पाहिले पाहिजे.

ते मला किनाऱ्यावरच्या सहलीच्या वर्णनात दिसले. जहाज सकाळी मुरगाव बंदराला लागले. खाली बस उभी होती. बसने जुन्या गोव्याची चर्च, एक देऊळ, एक समुद्रकिनारा, थोडी खरेदी असे करून संध्याकाळी परत जहाजावर सोडले. "मग गोव्यात कोणाशी बोललात?" मी विचारले. तिघी एकमेकींकडे पाहू लागल्या. "गाइड होता ना," एकीने सांगितले. आणखी कोण? काजू विकणारा. झाले. गोव्यात मराठी बोलणारी, वाचणारी किती माणसे आहेत! चार वाक्ये बोलायला भाषेचीही अडचण नव्हती. पण जहाजात जेवण, जहाजात झोप, जहाजात करमणूक, म्हटल्यावर किनाऱ्यावरच्या माणसाची गरज काय राहते? मचव्यातून उतरणाऱ्या चाकरमान्याला किनाऱ्यावर कोणाच्या तरी ओटीवर बसावे लागे, पाणी मागावे लागे. आता किनारा खिडकीतून पाहायचा असतो.

ज्या मुरगावला त्या उतरल्या, त्याच बंदरात कोळसाही उतरतो. त्याची धूळ घरांवर बसते म्हणून वास्कोच्या लोकांनी अनेकदा आंदोलने केली आहेत. चंद्रपूरच्या माणसाला ही धूळ कोणी समजावून सांगायला नको. मावशीच्या नातलगांच्या घरी दोरीवरचे कपडे झटकूनच घडी करतात. म्हणजे माझ्या मैत्रिणी हजार-बाराशे किलोमीटर जाऊन आपल्याच एका बहिणीच्या दारावरून गेल्या आणि त्यांना ते कळले नाही. बस तिथे थांबत नाही. परदेशातही हा प्रश्न लोकांना पडला आहे. इटलीतल्या व्हेनिस शहराच्या अगदी मधल्या कालव्यातून अवाढव्य जहाजे जात. तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे विरोध केला आणि ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना तो मार्ग बंद झाला. पाहुणा उतरतो, पाहतो, जातो. पण ज्याचे घर आहे त्याला विचारणार कोण?

मैत्रिणी आमच्या घरी आल्या तेव्हा आईने सगळे फोटो मोठ्या कौतुकाने पाहिले. जेवणाच्या टेबलाच्या फोटोवर ती थांबली. "एवढ्या माणसांच्या पोळ्या कोण करते व तिथं?" तिने विचारले. कोणालाच सांगता आले नाही. तीन दिवस ज्यांच्या हातचे खाल्ले, त्यांतल्या एकाचेही नाव कोणाला ठाऊक नव्हते. आईने त्यांना दोष दिला नाही. ती ज्या पाच घरी पोळ्या करते, त्यांतल्या तीन घरच्या मुलांना तिचे नाव ठाऊक नाही, हे तिला माहीत आहे. पण तिने पहिला प्रश्न विचारला तो हा. आपण शिकलेल्या मुलींनी तो विचारला नाही.

तर माझे म्हणणे थोडक्यात असे. समुद्र आम्हांला हवा. मौज हवी, मैत्रिणी हव्यात, रात्री दीड वाजताचे आकाश हवे. ते मागताना आम्ही लाजणार नाही आणि कोणाच्या परवानगीने लाजणार तर मुळीच नाही. पण त्या आकाशाचे तिकीट म्हणून हातात पेला धरण्याची सक्ती आम्ही का मानावी? जिला पुढे वयाने आणि मनाने घ्यावीशी वाटेल तिने घ्यावी, तो तिचा प्रश्न. माझ्या घरात पणजोबांची प्रतिज्ञा आहे आणि बाबांचे शरीर आहे. मी घेणार नाही. फक्त एक करू या. नाशिकच्या पेल्याला संस्कृती आणि मोहाच्या बाटलीला गुन्हा म्हणणे सोडू या. दारू आहे तर दोन्हीकडे दारू म्हणू या. घर दोन्हीकडे बुडू शकते. एका घराजवळ बुडाल्यावर पोहून निघायला पैसा असतो, एवढेच.

टीका करून थांबणे सोपे असते, म्हणून एक सूचना करते. आपल्या महाविद्यालयाची सहल दर वर्षी रामटेक, खिंडसी नाही तर पेंच अशी जाते. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलामुलींनी समुद्र पाहिलेला नाही. मी हात वर करायला सांगून मोजले आहेत. पुढच्या वर्षी सहल समुद्राला न्यावी. नागपूर ते मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर. शयनयान डब्यातून एका रात्रीत जाता येते. गाडी नागपूर सोडते आणि तासाभरात दारूबंदी असलेला वर्धा जिल्हा येतो. तिथेच चर्चेला सुरुवात करता येईल. मुंबईला गेटवेहून मांडव्याला लाँच जाते. साधारण तासाभराचा तो प्रवास हीच आपली क्रूझ. पुढे अलिबागला कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, आणि ओहोटीच्या वेळी पायी जाता येईल असा कुलाब्याचा किल्ला आहे. आणखी एक दिवस मिळाला तर राजपुरीहून शिडाच्या होडीत बसून जंजिरा पाहता येईल. इतिहासाच्या आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापकांना एकाच सहलीत दोन्ही विषय शिकवता येतील.

अट एकच असावी. किनाऱ्यावर उतरल्यावर प्रत्येकाने एका तरी माणसाशी बसून बोलावे. मासळी विकणाऱ्या कोळणीशी, होडी चालवणाऱ्याशी, आपल्याला जेवू घालणाऱ्या बाईशी. तिचे नाव विचारावे, घरी कोण कोण आहे ते विचारावे, आणि तिने विचारले तर आपण कुठून आलो ते सांगावे. परत आल्यावर वार्षिकांकात त्यावर लिहावे. हे केले तर ती सहल म्हणता येईल.

सहलीबरोबर दोन प्राध्यापक आणि एक प्राध्यापिका जाण्याची आपल्याकडे पद्धत आहे. माझी विनंती आहे की, दोन जागा विद्यार्थ्यांच्या आयांसाठी राखून ठेवाव्यात. एकीचे नाव मी आताच देऊन ठेवते. शिकवण्यांचे पैसे अजून खर्च झालेले नाहीत, तेव्हा तिच्या तिकिटाची काळजी महाविद्यालयाला करावी लागणार नाही. पाच घरांच्या सुट्टीचे तेवढे जमवावे लागेल. तेच सर्वांत अवघड आहे.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २